चिप झोपल्यावर घड्याळ कोण बघतं?

(हा ऑडिओ भागाचा लिखित मजकूर आहे. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'बघा' शंभरएक गाळलेत, तरी काही राहिले असतील. आकडे पुन्हा तपासून घेतलेत, कारण माइकसमोर दोन ठिकाणी मी मिलि आणि मायक्रोची गल्लत केली होती.)

गेल्या भागाच्या शेवटी मी म्हणालो होतो की पुढच्या वेळी घड्याळांविषयी बोलू, आणि बऱ्याच जणांना वाटलं मनगटी घड्याळांविषयी. तसं ते अगदीच चूक नाही. मनगटी घड्याळातला एक तुकडा आजच्या गोष्टीत आहे. पण सुरुवात एका फोनपासून.

फोन होता दाजींचा. माझी बहीण निफाडकडे दिली आहे, दाजींची द्राक्षबाग आहे. त्यांच्या बागेत मी तीन छोटे डबे लावून दिले होते. प्रत्येक डब्यात एक मायक्रोकंट्रोलर, एक लोरा रेडिओ, आणि जमिनीत खोचलेला ओल मोजणारा प्रोब. दर पंधरा मिनिटांनी उठायचं, ओल मोजायची, मोटारीच्या खोलीतल्या गेटवेला आकडा पाठवायचा, परत झोपायचं. तीन पेन्सिल सेल. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "दाजी, दोन वर्षं सेल बदलायला लागणार नाहीत."

पस्तिसाव्या दिवशी फोन आला. "काय पाव्हणं, तुमचं यंत्र झोपलंय, उठायचं नावच घेईना."

यात हसण्यासारखं काही नव्हतं, कारण माझ्याकडून आणखी एक घोळ झाला होता. मोबाइलवरच्या पानावर मी शेवटचा आलेला आकडा दाखवत होतो, तो कधी आला ते दाखवत नव्हतो. डबा बंद पडल्यावरही तीन दिवस तिथं 'ओल ठीक' असंच दिसत राहिलं. ऑक्टोबर छाटणीनंतरचा पाचवा आठवडा, म्हणजे घड फुलोऱ्यात यायचे दिवस. त्या आकड्यावर विसंबून दाजींनी चार ओळींचं पाणी तीन दिवस धरून ठेवलं. मी गेलो तेव्हा ते रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "अवजार असंल तर रोज चालायला पायजे. खेळणं असंल तर पोरांना द्या."

तर आजचा भाग म्हणजे त्या डब्याचं खेळण्यातून अवजार कसं झालं त्याचा हिशेब. आणि तो हिशेब जवळजवळ सगळा घड्याळाचा आहे.

रहाटगाडगं

आधी मूळ गोष्ट. मायक्रोकंट्रोलरला घड्याळ लागतं म्हणजे वेळ कळण्यासाठी नव्हे, तर पाऊल टाकण्यासाठी. प्रत्येक ठोक्याला आतले लाखो छोटे स्विच एक पाऊल पुढे जातात. प्रत्येक स्विच म्हणजे एक इवलंसं कपॅसिटर, ते भरायचं आणि रिकामं करायचं. विहिरीवरचं रहाटगाडगं आठवा. चाक एकदा फिरलं की इतकी गाडगी भरली, इतकी ओतली. चाक दुप्पट जोरात फिरवलं की दुप्पट पाणी उपसलं जातं. इथं पाण्याच्या जागी सेलमधला चार्ज.

सूत्रच आहे: खर्च होणारी पॉवर म्हणजे कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग गुणिले वारंवारता. वारंवारता निम्मी केली तर पॉवर निम्मी. व्होल्टेज निम्मं केलं तर पाव.

इथं बहुतेक जण एक चुकीचा निष्कर्ष काढतात. मीही कॉलेजात काढला होता. घड्याळ मंद केलं की सेल जास्त टिकणार. पण काम तेवढंच असेल तर ठोकेही तेवढेच लागतात. दहा हजार ठोक्यांचं काम ८ मेगाहर्ट्झवर सव्वा मिलिसेकंदात होतं, १ मेगाहर्ट्झवर १० मिलिसेकंदांत. गाडगी तेवढीच ओतली गेली. उलट चिप जागी असेपर्यंत रेग्युलेटर, संदर्भ व्होल्टेज, प्रोब असं सगळंच जागं असतं, आणि त्यांचं मीटर ठोक्यांवर नव्हे तर वेळेवर पडतं. म्हणून बहुतेक वेळा झपाट्याने काम उरकून झोपी जाणं स्वस्त पडतं. चाक थांबवणं हीच खरी बचत.

आता माझा डबा. चिप होती अॅटमेगा ३२८पी, अर्डुइनोवाल्यांना घरातलीच. सेलची क्षमता धरा २००० मिलिअँप-तास. ३५ दिवस म्हणजे ८४० तास. भागाकार केला की सरासरी २.४ मिलिअँप. आणि मी हिशेब धरला होता काही मायक्रोअँपचा. हजारपटीच्या घरातला फरक. म्हणजे चिप झोपतच नव्हती का?

झोपत होती. मी कोडमध्ये झोपेची आज्ञा दिली होती, पण कोणती झोप ते रजिस्टरमध्ये लिहायचं विसरलो होतो. काही लिहिलं नाही की ही चिप 'आयडल' धरते. आयडलमध्ये फक्त प्रोसेसर थांबतो, मुख्य घड्याळ आणि टायमर चालूच राहतात. आणि अर्डुइनोचा एक टायमर मिलिसेकंद मोजण्यासाठी पाठीमागे गुपचूप चालत असतो. ८ मेगाहर्ट्झच्या बोर्डावर तो दर २.०४८ मिलिसेकंदांनी इंटरप्ट देतो. म्हणजे माझी चिप झोपत होती, आणि सेकंदाला सुमारे ४८८ वेळा दचकून उठत होती. पंधरा मिनिटांचं काम वेळेवर होत होतं, आकडे येत होते, त्यामुळे टेबलावर काहीच कळलं नाही.

मीटर लावून एकेक तुकडा वेगळा केला. चिप आणि तिचा एडीसी मिळून ०.७ मिलिअँप. बोर्डावरचा लाल दिवा १.४ मिलिअँप! वीज आहे एवढंच सांगणारा दिवा, डब्यात बंद, जो कुणीही कधीही बघणार नव्हतं. सेलचं व्होल्टेज मोजायला मी दोन १० किलोओहमचे रेझिस्टर लावले होते, ते ४.५ व्होल्टवर रात्रंदिवस २२५ मायक्रोअँप पीत होते. उरलेलं रेग्युलेटरचं.

म्हणजे बघा, चिपचा वाटा तीस टक्केसुद्धा नव्हता. 'कमी विजेवर चालणारी चिप' शोधत बसण्याआधी दिवा काढा, असा माझा अनुभवाचा सल्ला.

मीटरबद्दल सावधगिरीची एक गोष्ट. मायक्रोअँप मोजायला स्वस्तातलं मल्टिमीटर २०० मायक्रोअँपच्या रेंजवर लावलं की त्यात साधारण १ किलोओहमचा रेझिस्टर मध्ये येतो. चिप झोपलेली असताना ठीक. पण ती उठून रेडिओ चालू करायला गेली की त्या एका किलोओहममधून वीज पुरेशी पोचतच नाही, व्होल्टेज कोसळतं, चिप रीसेट होते. माझ्याकडे तासभर तेच चाललं होतं, डबा पुन्हा पुन्हा मरत होता आणि मी भलत्याच जागी चूक शोधत होतो. उपाय साधा आहे. मीटरच्या दोन टोकांना आडवी वायर टेकवून ठेवायची, चिप झोपली की वायर काढायची, आकडा वाचायचा, परत टेकवायची.

दुरुस्त्या भराभर सांगतो. झोप 'पॉवर-डाउन' केली. झोपायच्या आधी एडीसी बंद, कारण तो चालू ठेवला तर या चिपमध्ये सगळ्या झोपांत चालूच राहतो. व्होल्टेज घसरलं का ते बघणारा ब्राउन-आउट पहारेकरी झोपेपुरता बंद, तो एकटाच २० मायक्रोअँपच्या आसपास खातो. मोजायचे दोन रेझिस्टर काढले, कारण ही चिप आपल्या आतल्या १.१ व्होल्टच्या संदर्भावरून स्वतःचा पुरवठा स्वतः मोजू शकते. प्रोबला वीज फक्त मोजायच्या वेळी. दिवा उपटला. रेग्युलेटरही काढला आणि तीनऐवजी दोन सेल थेट चिपला दिले.

या शेवटच्या बदलात घड्याळ पुन्हा आडवं आलं. दोन सेल नवे असताना ३ व्होल्टच्या थोडे वर, आणि संपत येताना २ व्होल्टच्या खाली. ही चिप १.८ व्होल्टवर चालते खरी, पण फक्त ४ मेगाहर्ट्झपर्यंत. ८ मेगाहर्ट्झला २.४ व्होल्ट लागतात. म्हणजे ८ वर ठेवलं असतं तर सेलमध्ये बराच रस शिल्लक असतानाच डबा बावचळला असता. घड्याळ दोनने भागून ४ वर आणलं. मघाशी म्हटलं मंद घड्याळाने बचत होत नाही, आणि इथं मीच मंद केलं. कारण वेगळं आहे: मंद चाक खोल विहिरीतलंही पाणी काढू शकतं.

चार प्रकारची घड्याळं

पॉवर-डाउनमध्ये मुख्य घड्याळ थांबतं. मग पंधरा मिनिटांनी उठवणार कोण? आजच्या भागाचं नाव तिथून आलंय. त्यासाठी चिपपाशी कोणकोणती घड्याळं असतात ते थोडं बघू.

पहिलं म्हणजे आतलं आरसी. एक रेझिस्टर, एक कपॅसिटर, भरतो आणि रिकामा होतो. फुकट, बाहेर एकही भाग लागत नाही, आणि उठतं झटकन. पण लहरी. अॅटमेगाच्या आतल्या ८ मेगाहर्ट्झ घड्याळाची कारखान्यातून येतानाची हमी फक्त अधिक-उणे १० टक्क्यांची.

दुसरा सिरॅमिक रेझोनेटर, मधला पर्याय. अर्डुइनो उनोवर मुख्य चिपला हाच असतो. त्यावर जास्त वेळ घालवत नाही.

तिसरा क्वार्ट्झ क्रिस्टल, मेगाहर्ट्झवाला. इथं इंजिनिअरिंग केलेल्या श्रोत्यांना ८०५१चं प्रॅक्टिकल आठवेल. ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. व्हायवाला ठरलेला प्रश्न: "बारा का नाही, अकरा पॉइंट शून्य पाच नऊ दोनच का?" आणि अर्धा वर्ग गप्प. उत्तर सरळ भागाकारात आहे. ८०५१ घड्याळाला बाराने भागतो: ९,२१,६००. सिरियल पोर्टसाठी पुढे ३२ने भाग: २८,८००. त्याला तीनने भागलं की बरोबर ९,६००. शिल्लक शून्य. १२ मेगाहर्ट्झने हाच भागाकार केला तर ३१,२५० येतात आणि त्यातून ९,६०० नीट निघत नाही. जवळचा पूर्णांक घेतला तर आठ टक्क्यांची चूक. सिरियलमध्ये एक अक्षर म्हणजे दहा बिट. समोरचा पहिल्या बिटला घड्याळ जुळवतो आणि पुढचे नऊ अंदाजाने वाचतो. दोन्ही बाजू मिळून चूक पाच टक्क्यांच्या जवळ गेली की शेवटचा बिट निसटतो. म्हणूनच आतल्या आरसीवर सिरियल चालवताना कधी कधी स्क्रीनवर चिनी-जपानी दिसल्यासारखी अक्षरं येतात.

क्रिस्टलचा दोष असा की तो सुरू व्हायला वेळ घेतो. क्वार्ट्झचा तुकडा आधी थरथरायला लागतो, मग लयीत येतो. अॅटमेगात क्रिस्टल स्थिरावण्यासाठी १६,३८४ ठोके थांबायची सोय आहे, ८ मेगाहर्ट्झला दोन मिलिसेकंद. आरसीवर तेच काम ६ ठोक्यांत होतं. दोन मिलिसेकंद म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण ज्याचं काम ५० मायक्रोसेकंदांचं आहे आणि जो सेकंदाला दहा वेळा उठतो, त्याची सगळी वीज तंबोरा जुळवण्यातच जाते, गाणं बाजूलाच. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एमएसपी४३० घराण्याची सगळी मांडणी याच दुखण्यावर उभी आहे. मुख्य घड्याळ आतलं, हवं तेव्हा पटकन उठणारं, नव्या चिपांत एका मायक्रोसेकंदाच्या आत. आणि बाजूला एक मंद घड्याळ कायम जागं.

ते मंद घड्याळ म्हणजे चौथा प्रकार, मनगटी घड्याळातला तुकडा. ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल. आकडा विचित्र वाटतो, पण तो दोनचा पंधरावा घात आहे. पंधरा वेळा निम्मा करत गेलात की बरोबर एक सेकंद. तांदळाच्या दाण्याएवढ्या नळीत क्वार्ट्झचा इवलासा दुहेरी काटा असतो, संगीतवाल्यांच्या ट्यूनिंग फोर्कसारखा. इतका मंद की त्याच्यावर चालणारं घड्याळ एका मायक्रोअँपच्या आत भागवतं. (इथं मी जुनं घड्याळ उघडून माइकजवळ धरलं होतं. टिकटिक काट्यांच्या मोटरची आहे, क्रिस्टलची नाही. ३२,७६८ हर्ट्झ माणसाला ऐकू येत नाही, एवढंच दाखवायचं होतं.)

एसटीएम३२ वापरणाऱ्यांसाठी एक आडवळण, कारण एका श्रोत्याने मेलमध्ये नेमकं हेच विचारलं होतं: "स्टॉप मोडमधून उठल्यावर सिरियलवर कचरा येतो, वायर बदलली, केबल बदलली." वायर बिचारी निर्दोष आहे. एफ१०३ सारखी चिप तुम्ही बाहेरचा क्रिस्टल आणि पीएलएल लावून ७२ मेगाहर्ट्झवर चालवता. स्टॉपमध्ये ते दोन्ही बंद होतात, आणि उठताना चिप आपल्या आतल्या ८ मेगाहर्ट्झ आरसीवर उठते. ७२वर परत न्यायचं काम तुमचं. नेलं नाही तर सगळं नऊपट मंद, ९,६०० चा बॉड रेट १,०६७च्या आसपास. उठल्याबरोबर घड्याळाची मांडणी करणारं फंक्शन पुन्हा बोलवा, काम होतं.

दुपारचे मुके डबे

परत बागेत येऊ. मी काय केलं, तर उठवायला चिपमधलाच वॉचडॉग वापरला. त्याचं स्वतःचं १२८ किलोहर्ट्झचं आरसी घड्याळ असतं, चिप गाढ झोपेत असतानाही चालतं, ३ व्होल्टला चारेक मायक्रोअँप घेतं. जास्तीत जास्त आठ सेकंदांची झोप देतं, तशा शंभरएक झोपा मोजायच्या की झाली पंधरा मिनिटं. माझ्या चिपचे आठ सेकंद टेबलावर साडेआठच्या आसपास भरले, मग त्या हिशेबाने गिनती बदलली. सेलचा प्रश्न मिटला. मी खूश.

जानेवारीत नवंच सुरू झालं. डबे सकाळी बोलायचे, संध्याकाळी बोलायचे, भर दुपारी मुके. नेमकं दुपारी, जेव्हा ओल झपाट्याने उतरते.

कारण समजायला गेटवेविषयी सांगायला हवं. शेतातल्या विजेचं वेळापत्रक तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे गेटवेही लहान सोलर पॅनेल आणि बॅटरीवर होता. तो सतत कान टवकारून बसला असता तर त्याचा रेडिओ १२ मिलिअँप खात राहिला असता. म्हणून तोही झोपायचा, आणि दर पंधरा मिनिटांनी २० सेकंद ऐकायचा, ठरल्या वेळेच्या १० सेकंद आधी आणि १० नंतर. डब्याने बोललं की पोच द्यायची, पोचेबरोबर डब्याचं घड्याळ जुळवून द्यायचं.

आता निफाडची थंडी. पहाटे आठ अंश, आणि दुपारी उन्हातल्या बंद डब्यात चाळिशीच्या वर. वॉचडॉगचं आरसी घड्याळ तापमानाबरोबर सरकतं, आणि सेल उतरला की त्यानेही सरकतं. माझ्या डब्यात पहाट आणि दुपार यांत दोन-तीन टक्क्यांचा फरक पडत होता. ९०० सेकंदांचे तीन टक्के म्हणजे २७ सेकंद. गेटवेची खिडकी फक्त १० सेकंद पुढे उघडी. डबा उठायचा, बोलायचा, पण समोरचा कधीच झोपलेला. पोच नाही म्हणून परत बोलायचा, परत, आणि त्यात सेल जाळायचा.

सरळ उपाय होता: खिडकी मोठी करा, एक मिनिट ऐका. इथं मला पहिल्यांदा नीट समजलं की घड्याळाचा खरेपणा म्हणजेच वीज. २० सेकंदांच्या खिडकीला गेटवेचा सरासरी खर्च २६७ मायक्रोअँप. एक मिनिट केलं तर ८०० मायक्रोअँप. डब्यात वाचवलेले दोनचार मायक्रोअँप मी गेटवेवर दोनशेपट मोजणार होतो. एकाचं घड्याळ खोटं, आणि त्याची किंमत वाट बघत बसणाऱ्याने द्यायची.

तुमच्या हातातल्या फिटनेस बँडमध्येही हेच चालू आहे. ब्लूटूथ लो एनर्जीमध्ये दोन्ही बाजूंनी आपलं झोपेतलं घड्याळ किती चुकू शकतं ते मानावं लागतं, जास्तीत जास्त ५०० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत पाचशे. ऐकणारा त्या चुकीच्या हिशेबाने आपली खिडकी आधी उघडतो. घड्याळ जितकं इमानी, तितकी खिडकी लहान.

म्हणून घड्याळाचा क्रिस्टल. त्याची चूक साधारण २० पीपीएम, दिवसाला १.७ सेकंद. तापमानाने तोही सरकतो, पण गमतीशीर रीतीने: २५ अंशांना सगळ्यात वेगवान, आणि गरम करा की गार, दोन्हीकडे मंदच. २० अंशांचा फरक पडला, म्हणजे ५ किंवा ४५ अंश, तर साधारण १४ पीपीएम मागे. वॉचडॉगच्या तीन टक्क्यांपुढे हे काहीच नाही. तीन टक्के म्हणजे ३०,००० पीपीएम.

अडचण एकच होती, पण नेमकी. अॅटमेगा ३२८पीमध्ये घड्याळाचा क्रिस्टल लावायच्या पिना आणि मुख्य क्रिस्टल लावायच्या पिना एकच आहेत. तयार बोर्डावर तिथं ८ मेगाहर्ट्झवाला आधीच बसलेला. दोन म्यानं नाहीत, तलवार एकच बसणार. मोठा क्रिस्टल सोल्डरिंग गनने उचलला, फ्यूज बदलून चिप आतल्या ८ मेगाहर्ट्झ आरसीवर घेतली, आणि त्या पिनांवर तांदळाचा दाणा बसवला. क्रम महत्त्वाचा: आधी फ्यूज, मग क्रिस्टल काढा. उलटं केलंत तर चिपला घड्याळच उरत नाही आणि ती प्रोग्रॅमरलाही ओ देत नाही. तिनांपैकी एका डब्यावर मी उलटं केलं. विचारू नका.

मुख्य घड्याळ आता लहरी झालं, पण रेडिओ एसपीआयवर बोलतो, तिथं घड्याळाचा ठोका सोबतच्या तारेवरून जातो, त्यामुळे दहा टक्क्यांनी काही बिघडत नाही. ज्यांना सिरियल लागतं त्यांनी एक सुंदर युक्ती वापरावी. आरसीचा वेग वरखाली करायचं एक रजिस्टर चिपमध्ये असतं. मंद पण इमानी क्रिस्टलचे ठराविक ठोके जाईपर्यंत वेगवान घड्याळाचे किती पडतात ते मोजा आणि रजिस्टर हलवत जुळवून घ्या. रोज दुपारी एकदा केलं तरी पुरतं.

मांडणी अशी बसली. टायमर २ क्रिस्टलवर, १,०२४ने भागलेला, म्हणजे सेकंदाला ३२ ठोके. २४० ठोक्यांना एक इंटरप्ट, म्हणजे साडेसात सेकंद. असे १२० की बरोबर १५ मिनिटं, हातचा काही नाही. झोप आता पॉवर-डाउन नाही, 'पॉवर-सेव्ह', त्यात टायमर २ जागा राहतो. ३ व्होल्टला खर्च ०.९ मायक्रोअँप, वॉचडॉगपेक्षाही कमी.

दोन खाचखळगे मात्र आहेत. क्रिस्टल पहिल्यांदा सुरू व्हायला एक सेकंदापर्यंत घेऊ शकतो, तेवढं थांबल्याशिवाय टायमरवर विश्वास ठेवू नका. आणि उठून लगेच परत झोपायचं असेल तर मध्ये त्या मंद घड्याळाचा निदान एक ठोका जाऊ द्यावा लागतो, नाहीतर पुढचा इंटरप्ट येतच नाही आणि चिप झोपते ती झोपतेच. टायमरच्या एखाद्या रजिस्टरमध्ये काहीतरी लिहायचं आणि 'काम चालू' हा झेंडा खाली येईपर्यंत थांबायचं, ही रूढ पद्धत. क्रिस्टलच्या दोन बाजूंचे कपॅसिटरही अंदाजाने लावू नका. क्रिस्टलवर १२.५ पिकोफॅरड लिहिलं असेल आणि तारांचे तीनेक धरले तर प्रत्येक बाजूला १९, म्हणजे बाजारातला १८ किंवा २२. काही चिपांमध्ये ते आतच असतात, डेटाशीट बघा.

आता हिशेब. डबा आणि गेटवे दोघांची चूक धरून १०० पीपीएम जरी मोजली तरी १५ मिनिटांत ०.०९ सेकंद. मी भीतभीत खिडकी दोन सेकंदांची ठेवली. गेटवेचा ऐकण्याचा खर्च २६७ वरून २७ मायक्रोअँपवर आला. डब्याचं बघा: झोपेत सगळं मिळून दोनेक मायक्रोअँप. दर पंधरा मिनिटांनी प्रोब ८ मिलिअँपने ०.१ सेकंद, पाठवणं ३० मिलिअँपने ०.०६ सेकंद, पोच ऐकणं १२ मिलिअँपने ०.१ सेकंद. बेरीज ३.८ मिलिअँप-सेकंद, ९०० सेकंदांवर वाटली की ४.२ मायक्रोअँप. एकूण सहाच्या थोडं वर.

२००० मिलिअँप-तासांना याने भागलं की उत्तर येतं ३६ वर्षं. अर्थात खोटं. अल्कलाइन सेल नुसता कपाटात ठेवला तरी दहाएक वर्षांत संपतो, आणि उन्हातल्या डब्यात त्याच्याही आधी. म्हणजे इथून पुढे कोड घासून एक मायक्रोअँप वाचवणं हा निव्वळ छंद आहे. मी थांबलो. त्या वेळात मोबाइलवरच्या पानावर 'शेवटचा आकडा किती मिनिटांपूर्वी' ही ओळ घातली, आणि तासाभरात काही आलं नाही तर आकडा पुसून तिथं लाल अक्षरांत 'डबा बंद' यायला लावलं. दाजींना सगळ्या दुरुस्त्यांत तीच आवडली.

एप्रिलच्या खरड छाटणीला मी गेलो तेव्हा तिन्ही डबे दुपारी दोन वाजता बोलत होते. सेल तेच होते. परवा दाजींचा फोन आला, म्हणाले दोन नंबरवर लाल अक्षरं आलीत. मी लगेच क्रिस्टल, टायमर, झेंडा असं मनात चालवायला लागलो. ते म्हणाले, "तसं नव्हं पाव्हणं, उंदरानं अँटेनाची वायर खाल्ली. मी पाणी चालू केलंय, तुम्ही रविवारी या निवांत."